दिल्ली जवळ, जामखेड दूर

काकडीचा विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाला आणि आम्हां नगरकरांना दिल्ली एकदम जवळ वाटू लागली. पण अंतर आणि वेळ यांचे गणित सरळ नसते. शिर्डी ते दिल्ली हवाई अंतर सुमारे 1000 किलोमीटर. ताशी 800च्या वेगाने सव्वा तास पुरायला हवा. पण धावपट्टीवरचा खोळंबा, चढणे, उतरणे धरून दोन तास होतात. मुंबई जेमतेम 170 किलोमीटर, तरी पाऊण तास जातोच. चढणे-उतरणे कुणाला चुकले आहे?

माझा भाचा दिल्लीला नोकरीत. 2019च्या उन्हाळ्यात आजी अत्यवस्थ असल्याचा फोन गेला आणि मिळेल त्या विमानाने तो काकडीला उतरला. दोन तासांत! पुढे जामखेड. जिल्हा तोच, पण रस्ता दीडशे किलोमीटरांहून जास्त. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असा हा 17,048 चौरस किलोमीटरांचा जिल्हा. त्याचे दुसरे टोक गाठायला त्याला साडेचार तास लागले. आजीने डोळे उघडून त्याला ओळखले, एवढे पदरात पडले.

म्हणून तिकिटावरचे तास पाहून घरच्यांना शब्द देऊ नये. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा वेळ मोजावा. माणसे वाट पाहतात ती तिथे, विमानतळावर नव्हे.