मेण, कुंकू आणि झाकणातला आरसा

देऊळघाट बुलढाण्याजवळ, पैनगंगेच्या काठी. गावात हिंदू घरं तशीच मुसलमान घरंही. वऱ्हाडातल्या जुन्या घरगुती पेट्यांची गोष्ट सांगायला म्हणूनच हे गाव सोयीचं: फणेरपेटी आणि पानदान, दोन्ही इथलीच.

फणेरपेटी दिसायला साधी. लाकडी, वीतभराहून थोडी मोठी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. खरी करामत झाकणात. त्याला आतून आरसा बसवलेला असतो. झाकण उघडून तिरपं टेकवलं की समोर मांडी घालून बसलेल्या बाईचं कपाळ नेमकं त्यात येतं. खाली कप्पे: फणी, कुंकवाचा करंडा, काजळाची डबी, मेणाची डबी. मेण कशाला, असं आजची मुलगी विचारेल. कुंकू म्हणजे हळदीला लिंबू नि टाकणखार लावून केलेली कोरडी पूड. ती नुसती कपाळावर ठरत नाही. म्हणून आधी बोटानं मेणाचा गोल ठिपका, त्यावर कुंकू, मग आजूबाजूला सांडलेलं अलगद पुसायचं. जपानी कारागीर डब्यांवर माकिए नक्षी करतात ती याच युक्तीनं: उरुशी झाडाच्या चिकाची ओली रेघ, तिच्यावर सोन्याची भुकटी. आपल्याकडे हे रोज सकाळी कपाळावर व्हायचं, आणि त्याला कुणी कला म्हणत नसे.

पानदानाची अडचण उलटी. कात-चुना ओला. म्हणून दोन्हींना झाकणाच्या वेगळ्या डब्या, वर ताटली, ताटलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. तांब्या-पितळेचं असेल तर आतून कल्हई हवीच. ऐपतदाराकडे पानदान बिदरी, म्हणजे बिदरच्या घडणीचं. 1853 साली इंग्रजांच्या कारभारात जाईपर्यंत वऱ्हाड निजामाचं, आणि बिदरही त्याचंच. जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओतायचं, नक्षी कोरून तिच्यात चांदीची तार ठोकून बसवायची, शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून चोळायची. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच झळकते.

तरी मला विचाराल तर फणेरपेटीच सरस. बिदरीत कारागिराचा हात दिसतो. फणेरपेटीत वापरणारीची बैठक, तिच्या नजरेची उंचीसुद्धा सुतारानं मोजलेली असते. चिकटवायच्या टिकल्या आल्या, मेणाच्या डबीचं काम संपलं. आरसा भिंतीवर गेला, पेटी माळ्यावर.

तुमच्या माळ्यावर निघाली तर पॉलिश मारून नवी करू नका. करंड्याच्या कप्प्यातला लाल डाग तेवढा राहू द्या.