लिंगोची गाणी आणि चांद्याचं मिशन

गोंडांच्या लिंगोची कथा छापील रूपात जगापुढे आली ती एका पाद्र्याच्या टिपणांतून. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. धर्मप्रचार करायचा, शाळा चालवायची आणि उरल्या वेळात दगड, झाडं, माणसं न्याहाळायची, असा त्याचा दिनक्रम. वर्धा खोऱ्यातल्या मांगलीच्या खडकातून त्याला मिळालेल्या प्राचीन उभयचराच्या कवटीला लंडनमध्ये रिचर्ड ओवेनने 'ब्रॅकिऑप्स' नाव दिलं. पण त्याचं खरं मोठं काम वेगळंच. किंगरीवर गोंडांचा इतिहास गाणाऱ्या परधानांची गाणी त्याने मूळ गोंडीत उतरवून घेतली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या नाल्यात हिस्लॉप बुडाला. टिपणं तशीच राहिली. ती सर रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापली.

त्यातली कथा अशी : महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून तोंडावर सोळा हातांची शिळा ठेवली. चौघे तेवढे निसटले. लिंगोने त्यांना घर बांधायला, शेत करायला शिकवलं, त्यांची लग्नं लावून दिली. पुढे बायकांच्या खोट्या तक्रारीवरून त्या चौघांनीच त्याला ठार मारलं आणि त्याचे डोळे काढून गोट्या खेळले. अमृत शिंपडल्यावर लिंगो उठला आणि पुन्हा त्याच लोकांच्या सुटकेला निघाला. आपल्याच माणसांनी मारलेला, मरून उठलेला आणि तरी त्यांच्यासाठीच राबणारा हा तारणहार! तो टिपून घेताना ख्रिस्ताचा प्रचारक हिस्लॉप क्षणभर थबकला असेल, असं मला तरी वाटतं. आज माघ पौर्णिमेला, कथेतली गुहा मानल्या जाणाऱ्या गोंदियातल्या कचारगडच्या गुहेकडे जाणाऱ्या यात्रेत चंद्रपूर-गडचिरोलीचे गोंड मोठ्या संख्येने असतात. गोंड अभ्यासक मोतीरावण कंगालींनी मांडलेला लिंगो कोया पुनेम या गोंड धर्माचा संस्थापक आहे, चमत्काराच्या कथेतला नायक नव्हे. हिस्लॉपचं टिपण त्यामुळे गोंड अभ्यासकांना पुरावा म्हणून हवंही असतं आणि खटकतही असतं.

चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, खुद्द मिशन उभं केलं ते स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिथे काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. १९३०च्या सुमारास पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातला व्हेरिअर एल्विन हा तरुण पाद्री गांधींच्या नादी लागून खादी नेसू लागला होता. गोंडांत जा, असं जमनालाल बजाजांनी त्याला सुचवलं. त्यासाठी बिशपचा परवाना लागे आणि वुडसाहेबांना आधी राजनिष्ठेची शपथ हवी होती. एल्विनने ती घेतली नाही. १९३२ साली तो परवान्याविनाच मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिला, तेही मराठी ख्रिस्ती शामराव हिवाळ्यांच्या सोबतीने. १९३५ साली त्याने चर्चही सोडलं. मुरिया आणि मारिया गोंडांवरची त्याची पुस्तकं आजही चाळली जातात. हिवाळ्यांचं नाव मात्र महाराष्ट्र साफ विसरला, हा आपला नेहमीचा कृतघ्नपणा.

मग आलं १९५६. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करून कायद्याचे निर्बंध सुचवणारा अहवाल त्याच वर्षी निघाला. चौकशी समितीचे अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे माजी सरन्यायाधीश भवानीशंकर नियोगी. आणि १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांसोबत हेच नियोगी बौद्ध झाले! दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली. धर्मांतराच्या वादात नियोगी अहवालाचे दाखले देणाऱ्यांना हा योगायोग सहसा आठवत नाही.

ख्रिस्ती धर्माचा चेहरा इथे बदलला १९६२ साली. रोमने चांद्याचं कॅथलिक काम केरळच्या सिरो-मलबार चर्चमधल्या सीएमआय या पाद्र्यांच्या संघाकडे सोपवलं. त्या चर्चचं केरळबाहेरचं हे पहिलं मिशन. १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला. बल्लारपूरच्या कॅथेड्रलला नाव संत थॉमसचं, ज्याने पहिल्या शतकात मलबारला धर्म आणला असं केरळी ख्रिस्ती मानतात. गोऱ्या पाद्र्याच्या जागी मराठी शिकलेला मल्याळी फादर आला. ब्रह्मपुरीला ख्रिस्तानंद हॉस्पिटल आणि गावोगावी शाळा उभ्या राहिल्या. या शाळांची नक्कल इतकी झाली, की आज 'पोरगं कॉन्व्हेंटला घातलं' म्हणणाऱ्याच्या कॉन्व्हेंटच्या पाटीवर सरस्वती नाहीतर गजानन महाराजही असतात.

एवढं होऊन २०११च्या जनगणनेत चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती शेकडा एकही भरत नाहीत. वाद मात्र जोरात आहे. ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, ही 'डीलिस्टिंग'ची मागणी खासदार कार्तिक उरांव यांनी १९६७ साली संसदेत नेली, ती अधूनमधून पेटते. कायदा आज असा : गोंड ख्रिस्ती झाला तरी त्याचा जमातीचा दाखला टिकतो. महार बौद्ध झाला तर १९९०च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीची सवलत टिकते, ख्रिस्ती झाला तर जाते. एकाच गल्लीतल्या तीन शेजाऱ्यांना तीन नियम. हा गुंता तपासायला केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

डीलिस्टिंगवाले आदिवासीला मुळात हिंदू धरतात; काही प्रचारक त्याला अंधारात चाचपडणारा समजतात. गोंड कार्यकर्ते दोघांनाही हात जोडून सांगतात, आमचा धर्म आम्हाला आहे, जनगणनेत त्याचा रकाना तेवढा द्या. चर्चमधल्या विचारी मंडळींनी या तिसऱ्या आवाजाचं उत्तर द्यायला हवं, कारण पहिल्या दोघांशी भांडणं सोपं आहे. पोप फ्रान्सिसनी २०१५च्या 'लाउदातो सी' या पत्रात आदिवासींना त्यांच्या भूमीबद्दलच्या चर्चेत मुख्य भागीदार माना, असं बजावलं होतं. डोंगर पोखरून लोहखनिज निघतं त्या सुरजागडच्या एटापल्ली तालुक्यात त्या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

आदिवासी मुलांनी कुणाच्या शाळेत, कोणत्या भाषेत शिकायचं, या प्रश्नाला मात्र गडचिरोलीतल्या एका गावाने आपलं उत्तर दिलंय. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा सुरू केली. ना मिशनची, ना सरकारची. दीडशे वर्षं शाळा चालवण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या चर्चने तिथे शिकवायला नव्हे, गोंडी शिकायला एखादा फादर पाठवायला हरकत नाही.