पिवळी पिन कुठे लावायची?

वरळी कोळीवाड्यातल्या माझ्या मैत्रिणीने नवाकोरा स्मार्ट टीव्ही घेतला आणि त्याच संध्याकाळी घरात वाजलं. कारण? आजीची व्हिडिओ कॅसेट! १९९१ सालची, आत्याच्या लग्नाची. आजोबा चालताना-बोलताना दिसतात ते फक्त हिच्यात. माळ्यावरचा व्हीसीआर उतरवला, चक्क चालू झाला. पण टीव्हीच्या मागे पिवळं-पांढरं-लाल सॉकेटच नाही. नुसतं एचडीएमआय!

तुमच्याही घरी हा सीन होऊ शकतो, म्हणून बेसिक फंडा. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. पिवळीतून रंग आणि उजेड एकाच तारेने येतात. एस-व्हिडिओत ते वेगळे, कॉम्पोनंटमध्ये तर हिरवी-निळी-लाल अशा तीन तारा, म्हणून चित्र जास्त स्वच्छ. पण व्हीएचएस कॅसेटमध्ये मुळातच बारकावे कमी, तेव्हा सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलच्या नादी लागू नका. (काही टीव्हींवर पिवळी पिन हिरव्या सॉकेटमध्येच लावायची असते. चित्र ब्लॅक अँड व्हाइट दिसलं, तर मेन्यूत कॉम्पोनंटऐवजी एव्ही निवडा.)

गंमत म्हणजे ३१ ऑक्टोबर २०१२च्या मुदतीनंतर मुंबईत केबल डिजिटल झाली, घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. तरी अनेक घरांत बॉक्सपासून टीव्हीपर्यंत हीच जुनी पिवळी वायर होती!

आम्ही लॅमिंग्टन रोड गाठला आणि कन्व्हर्टर आणला. उलटा! 'एचडीएमआय टू एव्ही' आणि 'एव्ही टू एचडीएमआय' या डब्या दिसायला जुळ्या बहिणी. आपल्याला दुसरी हवी. तिला यूएसबीतून वीजही द्यावी लागते, नाहीतर स्क्रीन काळाच.

बरोबर डबी आली, तरी चित्र थरथरत होतं आणि आवाजात घूंऽऽ. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडल्या होत्या. प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसल्या, सुकू दिल्या, सॉकेटमध्ये दोन-तीनदा फिरवल्या. आणि अचानक मांडव, बॅंड, वरात... आणि आजोबा.

"थांबव गो तिथंच," आजी म्हणाली.

पॉज जास्त वेळ ठेवला की व्हीसीआरचं फिरतं हेड टेपवर एकाच जागी घासत राहतं. नवा व्हीसीआरही मिळणार नाही. फुनाई या जपानी कंपनीनेसुद्धा जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणून आम्ही त्याच तीन पिना यूएसबी कॅप्चरला जोडल्या आणि पूर्ण कॅसेट लॅपटॉपवर उतरवली. तीन तास लागले. मग आजीला हवं तिथे थांबवून दिलं.