शाळा सुटल्यावरचा एक तास

पाचोड हे पैठण तालुक्यातलं मोठं गाव. संभाजीनगरहून बीडकडे जाताना लागतं, आणि मोसंबीच्या बाजारामुळे मराठवाड्याबाहेरही अनेकांना माहीत आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. अशोक दयालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड' ही त्यातूनच वाढलेली संस्था. मूळ काम माता आणि बालकांच्या आरोग्याचं. पण या कामाला एक मर्यादा होती. 1997च्या सुमारास या परिसरात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय 16 होतं, म्हणजे लग्न झालेल्यांपैकी साधारण निम्म्या मुली सोळाव्या वर्षापर्यंत सासरी गेलेल्या असत. अशी मुलगी गरोदरपणात तपासणीला येते तेव्हा तिला लोहाच्या गोळ्या देता येतात, वजन मोजता येतं, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून झटता येतं. पण तिच्या आयुष्याचा मोठा निर्णय तोवर इतरांनी घेऊन टाकलेला असतो.

म्हणून संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दवाखान्याबाहेरचं एक काम हाती घेतलं: 12 ते 18 वयाच्या अविवाहित मुलींसाठी रोज संध्याकाळी एक तासाचा वर्ग. आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षभर, म्हणजे एकूण 225 तासिका. शाळेत जाणाऱ्या मुली त्यात होत्याच, पण शाळा सुटलेल्या आणि शेतात मजुरीला जाणाऱ्या मुलींकडे खास लक्ष होतं. त्यांना वेळ मिळतो तो संध्याकाळीच. आरोग्य, आहार, बालसंगोपन, गावातल्या संस्था कशा चालतात, समाजातले प्रश्न, आणि ज्याला आता 'जीवनकौशल्यं' म्हणायची पद्धत पडली आहे ते, असा अभ्यासक्रम होता. शिकवायला शहरातून कुणी येत नव्हतं. गावातलीच किमान सातवी शिकलेली बाई प्रशिक्षण घेऊन हा वर्ग चालवायची.

सातवी शिकलेली बाई ही अट मला या सगळ्या रचनेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. बी.एड. झालेली शिक्षिका मुक्कामाला राहत नाही, एसटीच्या वेळेवर निघून जाते. गावातली ताई मात्र मुलीच्या आईला ओळखते. चार दिवस मुलगी आली नाही तर ती घरी जाऊन "काय झालं गं?" असं विचारू शकते, आणि तिने विचारलेलं कुणाला खटकत नाही.

निकाल चार वर्षांत दिसला. 2001पर्यंत कार्यक्रमाच्या गावांत लग्नाचं मध्यक वय 16वरून 17वर गेलं. त्या काळात झालेल्या लग्नांपैकी 18 वर्षांखालच्या मुलींच्या लग्नांचं प्रमाण जवळपास 81 टक्क्यांवरून 62 टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी निवडलेल्या, वर्ग नसलेल्या गावांत असा बदल दिसला नाही. 'इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन' या संशोधन संस्थेने पाचोडच्या संस्थेबरोबर केलेला हा अभ्यास 2006मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर एक रास्त शंका घेता येते. ज्या घरातले लोक मुलीला रोज वर्गाला पाठवतात, ते लग्नाच्या बाबतीतही मुळात थोडे सबुरीचे असतील. मान्य. पण एक वर्ष पुढे गेलेली ही रेघ सगळ्या गावाची आहे, फक्त वर्गात बसलेल्या मुलींची नाही. आणि सोळा व सतरा यांतला फरक किरकोळ वाटत असेल, तर त्या वर्षात काय काय मावतं ते आठवून पाहावं: दहावीची परीक्षा, अकरावीचा प्रवेश, हाडं आणि अंग थोडं भरणं, आणि "मला इतक्यात नको" असं म्हणायला लागणारा धीर.

आता हा तास संध्याकाळचाच का महत्त्वाचा, ते पाहू. सहावी-सातवीतला मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून मैदानावर जातो. त्याच घरातली मुलगी आली की पाणी भरते, भांडी घासते, धाकट्याला कडेवर घेते, आई रानातून यायच्या आत पीठ मळून ठेवते. गृहपाठ राहिला तर तो अंधार पडल्यावर. शाळेत दोघं एकाच बाकावर बसतात, समान होतात. असमान होतात ते शाळा सुटल्यावर. त्यात बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी येते आणि मुलीवरची नजर बदलते. ओट्यावर बसू नको, एकटी दुकानात जाऊ नको, मोठ्याने हसू नको. बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीपर्यंतच असते आणि पुढच्या वर्गासाठी दुसऱ्या गावाला जावं लागतं. मुलीला पाठवायचं की नाही, हा प्रश्न घरात नेमका याच वयात उभा राहतो. निर्णय घेणारे आईबाप वाईट नसतात, घाबरलेले असतात. रस्त्यात काही झालं तर, कुणी काही बोललं तर. या भीतीचं उत्तर पुस्तकात नसतं. गावातल्या पंधरा-वीस मुली रोज एकत्र जमतात, सुखरूप घरी परततात, त्यांच्यावर एका जबाबदार बाईचं लक्ष असतं, हे सहा महिने डोळ्यांनी पाहिलं की भीती थोडी सैल होते. मुलीच्या दिवसातला एक तास कामातून सुटला आणि तरीही घर कोसळलं नाही, हा अनुभव घरालाही नवा असतो.

जगातल्या सर्वांत नेटक्या पुराव्यांपैकी एक युगांडातला आहे. बांगलादेशातल्या 'ब्रॅक' या संस्थेने तिथे किशोरी क्लब सुरू केले. आठवड्यातून पाच दिवस, दुपारनंतर, म्हणजे शाळेतल्या आणि शाळा सोडलेल्या अशा दोघींनाही येता यावं. चालवणारी त्याच वस्तीतली थोडी मोठी तरुणी. खेळ, गप्पा, शरीर आणि नातेसंबंधांविषयीची माहिती, आणि जोडीला एखादं कमाईचं कौशल्य. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं निवडून चार वर्षांनी तपासलं, तेव्हा क्लब असलेल्या गावांत किशोरवयीन गर्भारपण सुमारे एक तृतीयांशाने कमी भरलं आणि स्वतः कमावणाऱ्या मुली वाढल्या होत्या. सिएरा लिओनमध्ये असे क्लब सुरू झाले आणि 2014मध्ये इबोलाची साथ आली. शाळा बंद पडल्या. क्लब नसलेल्या गावांत लग्नाआधीची गर्भारपणं वाढली आणि साथ ओसरल्यावर अनेक मुली शाळेत परतल्याच नाहीत. भरीला भर म्हणून तिथल्या सरकारने गरोदर मुलींना शाळेची दारं बंद केली, आणि ती बंदी 2020पर्यंत टिकली. क्लब असलेल्या गावांत हे नुकसान बरंच कमी झालं. करोनाच्या काळात आपल्याकडे शाळा बंद असताना पंधरा-वीस माणसांत उरकलेली मुलींची लग्नं ज्यांनी पाहिली, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

हेच क्लब टांझानियात कमी पैशांत, अपुऱ्या साधनांत चालवले गेले, तेव्हा तसा परिणाम हाती लागला नाही. हा भाग भाषणांतून नेहमी वगळला जातो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आठ मार्चला एक व्याख्यान, सॅनिटरी पॅडचं वाटप आणि फोटो, एवढ्याने काही होत नाही. ताईला मानधन, बसायला हक्काची जागा आणि सातत्य, यांत कपात केली की उरतं ते फक्त नाव.

राजस्थानात अजमेर भागात 'रूम टू रीड' या संस्थेने सहावी-सातवीतल्या मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग आणि एका ताईची वैयक्तिक सोबत असा कार्यक्रम चालवला. तिथे शाळागळती सुमारे पाव हिश्श्याने घटली. परीक्षेच्या गुणांत मात्र फरक पडला नाही. देणगीदार आणि अधिकारी इथे निराश होतात, कारण गुण मोजायला सोपे. पण मुलगी शाळेतच नसेल तर गुण कुणाचे मोजणार? शिकवणी चांगलीच. गणित कच्चं राहिल्यामुळे शाळा सोडणाऱ्या मुलीही आहेत आणि त्यांना गणितच शिकवायला हवं. तरी किशोरी वर्गाला शिकवणीच्या मापाने मोजू नये.

मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये 'परिवर्तन' नावाने मुलींसाठी कबड्डीचा उपक्रम झाला. दाट वस्ती, गल्ल्या अरुंद, आणि मोकळी म्हणावी ती जागा मुलांच्या ताब्यात. अशा वस्तीत मुलीने ट्रॅकपँट घालून सगळ्यांदेखत चढाई करणं, दम टिकवून "कबड्डी कबड्डी" म्हणत पलीकडच्या अंगणात घुसणं, याने वस्तीचा मुलींकडे पाहण्याचा डोळा बदलतो आणि मुलीचा स्वतःकडे पाहण्याचाही.

महाराष्ट्राला याची गरज किती आहे? 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. परभणीत हा आकडा 48 टक्के, तर बीडमध्ये 44च्या आसपास. बीडच्या बाबतीत कारण ऊसतोडीशी जाऊन भिडतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यावर मुकादमाची उचल. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघाल्या की वयात आलेल्या मुलीला मागे कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न खरा असतो. लग्न करून दिलं की तो सुटतो, वर एक नवा कोयताही तयार होतो. अशा घरातल्या मुलीला संध्याकाळचा वर्ग एकट्याने वाचवणार नाही. तिला हंगामी वसतिगृह लागेल, तिथे जेवण आणि सुरक्षितता लागेल. त्याच वसतिगृहात हा तास असला तर मात्र त्याचं मोल दुप्पट.

सरकार काहीच करत नाही असं नाही. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमातून बसगाड्या आणि सायकली मिळाल्या आहेत. 'लेक लाडकी' योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरातली मुलगी सहावीत गेली की 7000 रुपये मिळतील आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75 हजार. पण ती योजना 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. त्या सहावीत पोचतील तेव्हा 2034 उजाडलेलं असेल. आज सहावीत असलेल्या मुलीच्या वाट्याला त्यातलं काही नाही. या सगळ्या तरतुदींत वस्तू आहे, वाहन आहे, रक्कम आहे. रोज संध्याकाळी तिची वाट पाहणारं माणूस तेवढं नाही.

त्या माणसाचा खर्च मोठा नसतो. जागा गावात असते: अंगणवाडी दुपारनंतर मोकळी होते, समाजमंदिर बहुतेक दिवस कुलपात असतं. शिकलेल्या सुना प्रत्येक गावात आहेत, बारावी झालेल्या आणि पदवीधरसुद्धा. पैशांचा एक मार्गही नियमांत आधीच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. अनेक ठिकाणी त्या पैशांतून खुर्च्या, सतरंज्या, शिलाई यंत्रं घेतली जातात आणि हिशेब मिटतो. लहान गावाचं उत्पन्न तोकडं असतं हे खरं. तिथे दोन-तीन गावांनी मिळून एक ताई नेमावी लागेल किंवा जिल्हा परिषदेला हात लावावा लागेल. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते, आणि तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. यंदाचे दहा टक्के कशावर गेले आणि पुढच्या वर्षी त्यातून एका ताईचं मानधन निघेल का, एवढे दोन प्रश्न त्या सभेत विचारून उत्तर इतिवृत्तात लिहून घेता येतं. विचारणारी बाई स्वतः मुलीची आई असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला ते टाळणं अवघड जातं.