ईस्टर म्हणजे येशूचा पुनर्जन्म नव्हे. मग नेमकं काय?

गुड फ्रायडे आला की व्हॉट्सअॅपवर 'हॅपी गुड फ्रायडे'चे मेसेज फिरतात आणि दोन दिवसांनी 'येशूच्या पुनर्जन्माच्या शुभेच्छा' येतात. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण दोन्ही मेसेज चुकतात. गुड फ्रायडे हा येशू ख्रिस्ताच्या मृत्यूच्या स्मरणाचा, उपवासाचा दिवस आहे. यातल्या 'गुड'चा अर्थ 'पवित्र' असा घेतला जातो. आणि ईस्टरला साजरं होतं ते पुनरुत्थान. ख्रिस्ती श्रद्धा या एका शब्दावर उभी आहे.

बायबल काय सांगतं?

रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या आदेशावरून येशूला जेरुसलेममध्ये शुक्रवारी क्रूसावर खिळण्यात आलं. सूर्यास्ताला यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, म्हणजे शब्बाथ सुरू होणार होता. त्यामुळे त्याआधीच त्याला खडकात खोदलेल्या कबरीत ठेवलं. रविवारी पहाटे काही स्त्रिया तिथे गेल्या, तेव्हा तोंडावरची धोंड बाजूला सरकलेली आणि कबर रिकामी होती. चारही शुभवर्तमानांत यावेळी मरीया मग्दालीयाचं नाव येतं. लूकच्या शुभवर्तमानानुसार, शिष्यांना स्त्रियांचं बोलणं आधी खरंच वाटलं नाही.

शुक्रवार ते रविवार दोनच दिवस होतात, मग 'तिसऱ्या दिवशी' कसं? त्या काळच्या पद्धतीत पहिला आणि शेवटचा दिवसही मोजला जाई. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन.

पुनर्जन्म आणि पुनरुत्थान यात फरक काय?

पुनर्जन्माच्या कल्पनेत आत्मा जुना देह सोडून नव्या देहात जन्म घेतो आणि हे चक्र चालू राहतं. पुनरुत्थानात नवा जन्म नाही. जो येशू मेला, तोच त्याच देहाने उठला, असं ख्रिस्ती लोक मानतात. म्हणूनच शंका घेणाऱ्या थोमाला येशू हातावरचे खिळ्यांचे व्रण दाखवतो आणि शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो, असे प्रसंग शुभवर्तमानांत आहेत. पण हा देह आता बदललेला आहे, त्याला पुन्हा मरण नाही. येशूने जिवंत केलेला लाजर पुढे कधीतरी मरणारच होता. येशूचं उठणं मात्र कायमचं.

ईस्टर नाताळपेक्षा मोठा का?

नाताळची झगमग जास्त असली, तरी चर्चच्या वर्षात सर्वांत मोठा सण ईस्टरच आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश आणि तुमचा विश्वास दोन्ही व्यर्थ, अशा आशयाचं विधान संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात केलं आहे. क्रूसावरचं मरण माणसाच्या पापांसाठी होतं आणि पुनरुत्थानाने मृत्यूचा पराभव झाला, अशी ही श्रद्धा आहे. येशू उठला, तसे आपणही उठू, ही आशा त्यातूनच येते. दर रविवारची प्रार्थनाही याच घटनेची आठवण आहे.

वसईपासून गोव्यापर्यंत कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटवतात. त्यावर ईस्टरची मोठी मेणबत्ती लावली जाते आणि तिच्यावरून भाविक आपापल्या मेणबत्त्या पेटवतात. अंधारातून प्रकाश, मरणातून जीवन, असा त्याचा अर्थ.

तारीख दरवर्षी का बदलते?

येशूचा मृत्यू यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास झाला आणि तो सण चंद्रावर ठरतो. इ.स. 325 च्या नायसिया परिषदेत सर्वांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असं ठरलं. रूढ नियम असा: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. ही पौर्णिमा चर्चच्या गणितानुसार धरतात. त्यामुळे ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलदरम्यान येतो. 2025 मध्ये तो 20 एप्रिलला होता, 2026 मध्ये 5 एप्रिलला. ऑर्थोडॉक्स चर्च बहुतांशी जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवरून गणित करतात, म्हणून त्यांचा ईस्टर अनेकदा नंतर येतो.

मग अंडी कुठून आली?

मध्ययुगीन युरोपात ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य होती. उपवास सुटला की ती आवडीने खाल्ली जात. पुढे कवच फोडून बाहेर येणारं पिल्लू रिकाम्या कबरीचं प्रतीक मानलं गेलं. मुंबई-गोव्याच्या बेकऱ्यांत मिळणारी मार्झिपानची अंडी याच परंपरेतली.

शुभेच्छा कशा द्याव्यात?

गुड फ्रायडेला 'हॅपी' टाळा. मित्राची आठवण काढणारा साधा मेसेज पुरेसा आहे. 'हॅपी ईस्टर' किंवा 'पुनरुत्थान सणाच्या शुभेच्छा' रविवारी बिनधास्त पाठवा.