गावचे वाचनालय व गावची वर्गणी

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सन १९०६ मध्ये सर्व बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटली की अक्षरही सुटते. ज्या मुलाच्या हाती पुढे नांगराखेरीज काही पडत नाही, तो थोड्याच वर्षांत पुन्हा अंगठा उठवू लागतो. यावर उपाय म्हणून महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नामक ग्रंथालयतज्ज्ञास आणविले व संस्थानभर मोफत वाचनालये काढण्यास आरंभ केला.

या योजनेचे खरे मर्म पैशाच्या व्यवस्थेत होते. गावाने सालीना शंभर रुपयांपर्यंत जी रक्कम उभी करावी, तितकीच प्रांत पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी, असा नियम होता. म्हणजे आरंभ गावाने करावयाचा! फुकटच्या बियाण्याची उगवण पाहावयास कोण जातो? जेथे वाचनालय नव्हते, तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत.

संस्थान १९४९ साली विलीन झाले. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यान्वये मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांस वर्गवारीने अनुदान मिळते. तथापि ज्या शेतकरी बंधूंस गावी वाचनालय काढावयाचे असेल, त्यांनी सरकारी अर्जाच्या आधी वर्गणीची वही काढावी, व तीही सुगीचा माल बाजारी गेल्यावर. पहिल्या खरेदीत जमीन, खते, कीड व हिशेब यांवरील पुस्तके असावीत. घरी नेण्यास कथा-कादंबऱ्याही ठेवाव्यात, म्हणजे स्त्रिया व मुले वाचतील. वेळ मात्र दिवेलागणीनंतरची असावी. दिवसा शेतकरी तेथे फिरकणार नाही.