ड्रॅक्युलाच्या चुका पकडणारे वाचक

‘ड्रॅक्युला’ कादंबरीत २६ सप्टेंबरच्या नोंदीत डॉक्टर सीवर्ड आणि त्याचे गुरू प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग संमोहनाबद्दल बोलतात. बोलण्याच्या ओघात व्हॅन हेल्सिंग शार्को या फ्रेंच डॉक्टरचं नाव घेतात आणि तो आता या जगात नाही, म्हणून हळहळतात. वाचणारा सहसा इथे थांबत नाही. लूसी या तरुणीच्या मृत्यूचं गूढ उकलायच्या बेतात असताना परक्या डॉक्टरच्या आठवणीकडे कोण लक्ष देणार? पण काही वाचकांनी दिलं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात संमोहनाचे प्रयोग करणारे जाँ-मार्तँ शार्को वारले ते १६ ऑगस्ट १८९३ रोजी. म्हणजे कादंबरीतला हा सप्टेंबर १८९३च्या आधीचा असूच शकत नाही. आता शेवटचं पान उघडायचं. तिथे कथेचा नायक जोनाथन हार्कर या सगळ्या प्रकाराला सात वर्षं झाल्याचं लिहितो. १८९३ अधिक सात म्हणजे १९००. आणि पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं २६ मे १८९७ला.

कथेचा शेवट पुस्तक छापून झाल्यावर तीन वर्षांनी घडतो, असा हा हिशेब.

लेखक ब्रॅम स्टोकर यांनी तारखांकडे दुर्लक्ष केलं होतं, असं मात्र म्हणता येत नाही. त्यांची कादंबरीसाठीची टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर १९१३मध्ये लिलावात विकली गेली. आज ती फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. १९७०च्या दशकात अभ्यासकांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं आणि २००८मध्ये रॉबर्ट एटीन-बिसँग व एलिझाबेथ मिलर यांनी ती टिपांसह छापली. त्या कागदांत घटनांचं दिवसवार वेळापत्रक आहे आणि त्यातले वार-तारखा जुळतात त्या १८९३शी. म्हणजे शार्कोचा उल्लेख बरोबर आहे. घोळ झालाय तो ‘सात वर्षां’चा. वाचकांनी निव्वळ पुस्तकातून काढलेला निष्कर्ष लेखकाच्या स्वतःच्या कागदांनी पक्का केला. चूक शोधणाऱ्या वाचकाला छिद्रान्वेषी म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे सवय आहे. या एका उदाहरणावरून तरी ती सोडून द्यावी.

मुळात ही कादंबरीच अशी रचलेली आहे की वाचकानं ताळा करून बघावा. तिच्यात सगळं सांगणारा निवेदक नाही. हार्करची लघुलिपीतली रोजनिशी, सीवर्डच्या फोनोग्राफवरच्या नोंदी, पत्रं, तारा, वृत्तपत्रांतली कात्रणं आणि एका जहाजाच्या कप्तानाची नोंदवही अशा कागदपत्रांतून ती उभी राहते. हे कागद एकमेकांच्या हाती पडेपर्यंत पात्रांना काय चाललंय याचा पत्ता नसतो. हार्करची पत्नी मीना टंकलेखन यंत्रावर बसते, सगळं तारखेप्रमाणे लावते आणि मगच ट्रान्सिल्व्हेनियातला काउंट ड्रॅक्युला आणि इंग्लंडमधल्या व्हिटबीला किनाऱ्यावर आदळलेलं जहाज यांचा संबंध लागतो. काउंटशी लढताना तलवार-बंदुकीइतकीच कामाला येते ती मीनाची ही शिस्त. तेव्हा तारखा तपासणारा वाचक मीनाचंच काम पुढे नेत असतो.

मातीच्या पेट्यांचंच बघा. काउंट आपल्या मायभूमीची माती भरलेल्या पन्नास पेट्या इंग्लंडला आणतो. दिवसा त्याला विश्रांती लागते ती याच मातीवर. हार्कर हमाल-गाडीवाल्यांना गाठून, त्यांना दारू पाजून माहिती काढतो. काउंटनं घेतलेल्या कारफॅक्सच्या जुन्या वाड्यात मोजल्यावर एकोणतीस भरतात. सहा माइल एंडला गेल्या, सहा बर्मंडसीला आणि नऊ पिकॅडिलीच्या घरी. बेरीज पन्नास, चोख. पिकॅडिलीला पोचल्यावर मात्र हाती लागतात आठच आणि त्या एका न सापडलेल्या पेटीच्या मागे उरलेली सगळी कादंबरी युरोप ओलांडून परत कार्पेथियन डोंगरांत जाते. ज्यानं पेट्या मोजत वाचलं, त्याला ‘आठ’ हा शब्द वाचताना जो धक्का बसतो तो इतरांना बसत नाही.

पुस्तक आलं तेव्हाच्या प्रतिक्रिया आज वाचायला फार रंजक वाटतात. आर्थर कॉनन डॉईल यांनी ऑगस्ट १८९७मध्ये स्टोकरना पत्र लिहून मनापासून कौतुक केलं. स्टोकरच्या आई शार्लट यांनाही मुलाचं पुस्तक अतिशय आवडलं. १८३२च्या कॉलऱ्याच्या साथीत त्यांनी आयर्लंडमधल्या स्लायगो गावात जे पाहिलं त्याच्या कथा लहानग्या ब्रॅमनं त्यांच्याच तोंडून ऐकल्या होत्या. ‘अथेनियम’ साप्ताहिकाला पुस्तकाची रचना कच्ची वाटली. ‘स्पेक्टेटर’ची तक्रार वेगळीच होती: फोनोग्राफ, टंकलेखन यंत्र असला आजकालचा सरंजाम या जुन्या भुताच्या गोष्टीत शोभत नाही, काळ मागे नेला असता तर बरं झालं असतं. त्या समीक्षकाला जे खटकलं, त्यातच आजच्या वाचकाला सर्वाधिक रस आहे. प्रतिक्रियेचंही वय होतं, हे अशा जुन्या अभिप्रायांतून फार चांगलं दिसतं.

आता खऱ्या चुका. व्हॅन हेल्सिंग ॲमस्टरडॅमचे, डच. पण घाबरले किंवा चकित झाले की देवाचा धावा करतात तो जर्मनमध्ये. डच वाचकांना हे पहिल्याच फटक्यात कळतं. याचा धागाही टिपणांत सापडतो. सुरुवातीच्या पात्रयादीत एक जर्मन प्राध्यापक होता. तो पुढे गळाला, पण त्याची भाषा या डच गुरूच्या तोंडी राहून गेली असावी. दुसरी गफलत काउंटच्या कुळाची. तो स्वतःला अभिमानानं सेकेली म्हणवतो, म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियन-भाषक समाजातला. आणि त्याच दमात डॅन्यूब ओलांडून तुर्कांशी लढलेल्या वालाखियाच्या राजाची आठवण आपल्या घराण्यातली म्हणून सांगतो. हे दोन वेगवेगळे प्रदेश, दोन वेगवेगळे लोक.

स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेलेच नव्हते. तो प्रदेश त्यांनी उभा केला ग्रंथालयांत बसून. १८९०च्या उन्हाळ्यात व्हिटबीला असताना त्यांनी तिथल्या ग्रंथालयात विल्यम विल्किन्सन यांचं वालाखिया-मोल्दाव्हियावरचं १८२०चं पुस्तक वाचलं. ‘ड्रॅक्युला’ हे नाव मिळालं ते तिथे. त्याआधी टिपणांत काउंटचं नाव होतं ‘व्हॅम्पिर’. २०१८मध्ये लंडन लायब्ररीत कपाटं धुंडाळताना स्टोकरनी वापरलेली म्हणून ओळखता आलेली २६ पुस्तकं मिळाली. पानांच्या कडेला खुणा, दुमडलेले कोपरे. ग्रंथालयाच्या पुस्तकावर पेन्सिल चालवणं वाईटच, पण त्या खुणांमुळे हा लेखक कुठल्या ओळीवर थांबला होता ते सव्वाशे वर्षांनी कळलं.

वाचक ज्याला चूक म्हणतो ती दर वेळी चूक असतेच असंही नाही. लूसीला चार पुरुषांचं रक्त दिलं जातं आणि कुणाचाही रक्तगट बघितला जात नाही. आज कुणीही शाळकरी मुलगा बोट ठेवेल. पण कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला १९०१मध्ये, कादंबरीनंतर चार वर्षांनी. स्टोकरनी आपल्या काळाच्या वैद्यकाला धरूनच लिहिलं होतं. तसंच उन्हाचं. काउंट लंडनच्या पिकॅडिलीत भर दिवसा उभा दिसतो, त्याची शक्ती दिवसा तेवढी कमी होते. उन्हात व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना पक्की झाली १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटानं. त्यामुळे सिनेमा आधी पाहून पुस्तकाकडे येणारा वाचक बावचळतो आणि ती चूक स्टोकरच्या खात्यावर मांडतो. काउंटला भरघोस पांढऱ्या मिशा आहेत, हे वाचूनही अनेकांना असाच धक्का बसतो.

शेवटाबद्दलचा आक्षेप मात्र वजनदार आहे. व्हॅन हेल्सिंग पुन्हापुन्हा बजावतात की छातीत खुंटा ठोकायचा आणि डोकं वेगळं करायचं. लूसीच्या बाबतीत हा विधी तपशीलवार होतो, वाचवत नाही इतका. आणि खुद्द काउंट? सूर्य मावळता मावळता हार्करची कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते, साथीदार क्विन्सी मॉरिसचा चाकू काळजात घुसतो आणि क्षणात त्याची धूळ होते. खुंटा नाही, मंत्र नाही. मग तो खरंच मेला का? तो धूळ होऊन निसटू शकतो हे व्हॅन हेल्सिंगनीच आधी सांगितलेलं असतं. अमेरिकी लेखक फ्रेड सेबरहेगन यांनी हीच फट धरून १९७५मध्ये ‘द ड्रॅक्युला टेप’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात काउंट जिवंत आहे आणि आपली बाजू स्वतः सांगतो. एका शंकेतून सबंध पुस्तक निघालं. स्टोकरच्या टंकलिखित प्रतीत शेवटी काउंटचा किल्लाही ज्वालामुखीसारख्या उत्पातात कोसळतो. तो भाग छापण्याआधी काढला गेला.

वाचकांच्या ओढीची दुसरी बाजू व्हिटबीत दिसते. ड्रॅक्युलाची कबर कुठे, असं तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये लोक इतकं विचारू लागले की तशी कबर नाही, विचारू नका, अशी सूचना लावावी लागली. कादंबरीतल्या जहाजाला मात्र आधार होता. ‘दिमित्री’ नावाचं रशियन जहाज ऑक्टोबर १८८५मध्ये व्हिटबीच्या किनाऱ्याला लागलं होतं. स्टोकरनी त्याचं ‘डिमीटर’ केलं.

या साऱ्यात आपल्या वेताळाचाही एक धागा आहे. इंग्रज प्रवासी-लेखक रिचर्ड बर्टन मुंबई इलाख्याच्या फौजेत होते, गोव्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि १८७०मध्ये वेताळकथांचं इंग्रजी रूप काढताना मथळ्यात विक्रमाशेजारी ‘व्हॅम्पायर’ बसवला. झाडाला उलटं लटकलेल्या प्रेतात वस्ती करून राजाला कोडी घालणाऱ्या वेताळाला रक्तपिपासू म्हणणं मराठी वाचकाला पटणार नाही आणि पटूही नये. स्टोकर बर्टनना प्रत्यक्ष भेटले होते. बोलताना वर उचलला जाणारा बर्टनचा ओठ आणि त्याखालचा सुळा यांचं वर्णन स्टोकरनी १९०६च्या आठवणींच्या पुस्तकात केलंय. काउंटचे दात कुठून आले, हा प्रश्न तिथपर्यंत नेणारे वाचक आहेत. भयकथाकार नारायण धारपांची ‘लुचाई’ आणि स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ शेजारी ठेवून साम्यं शोधणारा मराठी वाचकही त्याच जातकुळीचा.

अलीकडे तारीखवार वाचनाची नवी रीत आली. २०२१मध्ये मॅट कर्कलंड यांनी कादंबरीतली प्रत्येक नोंद तिच्या तारखेला ईमेलने पाठवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी वाचकांची संख्या दोन लाखांपलीकडे गेली. पुस्तकात ‘डिमीटर’च्या कप्तानाची नोंदवही एकदम सलग येते. तारखेनं वाचताना मात्र एकेक खलाशी नाहीसा होण्यात आठवडे जातात आणि हार्करच्या किल्ल्यातल्या कैदेच्या नोंदींमध्येच लूसी-मीनाची हलकीफुलकी पत्रं येतात. हार्करची पापरिका घातलेली कोंबडी आणि मीनासाठी तिची कृती मिळवायची त्याची धडपड लोकांना इतकी आवडली की अनेकांनी ती रांधली.

सर्वात मोठं घबाड मात्र उत्तरेकडे सापडलं. वाल्दिमार आउस्मुंद्सन यांनी केलेला आइसलँडी अनुवाद १९०१मध्ये पुस्तकरूपानं आला आणि शतकभर तो साधा अनुवाद समजला गेला. २०१४च्या सुमारास डच अभ्यासक हान्स द रोस यांनी तो मूळ इंग्रजीशी ताडून पाहिला, तर कथाच वेगळी निघाली: नायकाचं नाव टॉमस, किल्ल्यातला भाग कितीतरी वाढवलेला, लंडनचा भाग आटोपता घेतलेला. त्याचं इंग्रजी रूप २०१७मध्ये प्रसिद्ध होताच स्वीडनचे रिकार्ड बर्गहॉर्न यांनी दाखवून दिलं की तशीच कथा त्याआधी स्वीडिश वृत्तपत्रात क्रमशः छापली गेली होती. स्टोकरच्या टिपणांत किल्ल्यात एक मुकी-बहिरी बाई आहे. छापील इंग्रजी कादंबरीत ती कुठेच नाही. आइसलँडी पुस्तकात आहे. ती तिथवर कशी पोचली, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे.